इतर असल्यास नमूद करा

निपाणीत, जर्द्याच्या वखारीमागच्या बोळात
मीटरवर चिकटवलेला घरनंबर शोधत मी शिरले,
तेव्हा निंगव्वाच्या मांडीवर सूप होतं
आणि बोटांत सहाशेवी विडी.
'बसा की बाई. हात थांबायचा न्हाई, तोंड मोकळं हाय.'

नाव, वय, शेळ्या, संडास,
रेशनकार्डाचा रंग, सगळं भराभर गेलं.
मग आठवा प्रश्न. धर्म.
तिनं दोऱ्याचा फास ओढला.
'म्हंजे?'

म्हंजे.
चौदा वर्षं सहावीला शिकवतेय पाण्याचे गुणधर्म:
स्वतःचा आकार नाही, उताराकडे जातं,
ज्या भांड्यात ओताल त्याचं होतं.
दोन मार्कांना एवढं पुरतं.
दारात 'धर्म करा माय' ऐकू येतं
तेव्हाही कोणता, असं मी विचारत नाही.

'देव कुठला मानता?' मी प्रश्न सोपा केला.
तिनं पदराखालून चांदीची डबी काढली.
'ह्यो हितं. हातावर घ्यायचा, बसायचं. देवळाचं काम न्हाई.
मठातलं स्वामी म्हंत्यात, आपलं येगळं लिवा.
थोरला म्हंतो हिंदूच लिवा, पोरीच्या कॉलेजात घोळ हुतोय.
दोघं बी शिकल्याली.'

कोनाड्यात हिरव्या फडक्यात गुंडाळलेला पितळी पंजा.
'आणि हा?'
'त्यो सासऱ्यापासनं हाय. मोहरमला दावलसाब येतो, घिऊन जातो,
परत आणून ठेवतो.'
'मग हा कोण तुमचा?'
'पावना.'

पुढचं पान उघडेना.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
एक चौकट आली, वीस अक्षरांची,
आत एक उभी रेघ उघडमीट करत.

माझ्याच गावाची बाजू अजून कोर्टात आहे
आणि मी हिला बाजू विचारतेय.

'इतर म्हंजे छाट का?' ती म्हणाली.
मुकादम रोज तिच्या हजारातल्या साठ-सत्तर बाजूला काढतो,
मजुरी कापतो. 'छाट बी विकत्यातच की, बाई.
वडणाऱ्याला काय कळतंय?'
आणि मग, कात्री खाली न ठेवता,
'तुमचं काय लिवलं?'

आमच्याकडे आलेल्या कुलगुडे सरांनी विचारलंच नव्हतं.
आडनाव वाचलं, भरून टाकलं.
मी तेव्हा आत पोहे परतत होते.

सून चहा घेऊन आली. मी उठायला लागले.
'न पिता गेलासा तर आमच्यात पाप लागतंय.'
आमच्यात म्हणजे कुणात, हे विचारायला
फॉर्ममध्ये जागा होती खरं तर.
मी बशीत चहा ओतला.
चौकटीतली रेघ अजून
उघडत होती, मिटत होती.