चौथी पिन

पुन्ता अरेनासमध्ये डिसेंबर आला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोरखंड बांधतात,
वाऱ्यात रस्ता ओलांडताना
म्हाताऱ्यांना धरायला काहीतरी हवं म्हणून.
आणि इथं जेवणाच्या टेबलावर
मी आणि इस्माएल
आणखी वारा बसवतोय,
काळ्या पत्र्याच्या एका डब्यात.

तीन पंखे. झोना फ्रांकातल्या नेल्दाकडून, हप्त्यानं.
बाकीच्या भागांना चार पगार लागले, ते वेगळंच.
दोन पुढं, एक मागं, असं नेल्दा म्हणाली
आणि मी मान डोलावली,
सगळं कळल्यासारखी.

तारेच्या टोकाला भोकं तीन.
मदरबोर्डावर पिना चार.
इस्माएल तेरा वर्षांचा, त्याला हे सहन होईना.
"एक उरतेय, आई."
"उरू दे."
"अशी कशी उरेल?"
पुस्तिका त्यानं दिव्याखाली धरली,
मग भिंगाखाली,
मग माझ्या नाकासमोर, जणू मीच ती छापलीय.

माझी बोटं खेकड्यांनी खाल्लीत.
अकरा वर्षं कारखान्यात कवचं फोडून
टोकं अशी बधिर झालीत
की सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते.
मला कुठली दिसायला ती प्लगवरची खाच!
पण खाच होती. त्याच्या नखाला लागली.
पिनांच्या मागं एक चिमुकली भिंत,
तिला पाठ टेकवून प्लग खाली सरकला,
टक्.
चौथी उघडीच राहिली.
ती वेगाचे हुकूम सोडते म्हणे,
आणि आमचा पंखा हुकूम ऐकणाऱ्यातला नाही,
मिळेल त्या विजेवर धावत सुटतो.
अशी माणसं मी पाहिलीत.

मागचा पंखा त्यानं आधीच कसून टाकला होता,
चारही स्क्रू, प्लास्टिक चिरत आत गेलेले,
तळव्यावर लाल वळ.
मी म्हटलं, उलटा आहे.
"तुला कसं कळलं?"
शीतगृहात माझ्या डोक्यावर सहा पंखे असतात,
माझ्याहून उंच, दाढीला बर्फ आलेले.
ज्या बाजूला चौकटीचे आडवे हात दिसतात
तिकडून वारा बाहेर पडतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
उणे अठरा अंशांत पाठ कुठं करायची
हे पाठीलाच कळतं.

म्हणजे तिन्ही पंखे आतच ओढणार होते,
आणि तापलेल्या हवेला बाहेर जायला
एकही धड दार नव्हतं.
आमच्या घरात असं एक वर्ष गेलंय.
तो काही बोलला नाही.
मीही नाही.
चारही स्क्रू त्यानं पुन्हा काढले,
न कुरकुरता,
आणि चौकटीवरचा बाण, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा,
मला दाखवला. "हा बघ. होता की इथंच."

तिसऱ्याला मात्र जागाच नव्हती.
केसच्या पंख्यांसाठी बोर्डावर दोनच खुंट्या,
आणखी एक होती, पण ती प्रोसेसरच्या पंख्याची,
तिला हात लावायचा नाही.
दोन तोंडांची तार मिळते, पण आज रविवार,
नेल्दाचं शटर खाली.
पुढच्या वरच्या पंख्याची तार
आम्ही रबर बँडनं गुंडाळून
तशीच लोंबकळत ठेवली.

बटण दाबलं.
आधी काहीच नाही. मग एक हुंकार,
मग दुसरा, त्याच्यात मिसळलेला.
पावाच्या पिशवीची पट्टी फाडून
मी मागच्या जाळीशी धरली.
ती बाहेर उडाली, खोलीकडे, माझ्याकडे.
कोमट.
अकरा वर्षांत पंख्याचा कोमट वारा
पहिल्यांदा तोंडावर घेतला.

"आई, हा बघ."
तार नसलेला तिसरा
सावकाश फिरत होता,
अर्धा वळसा, थांबायचं, पुन्हा अर्धा.
आतल्या दोघांनी ओढला असेल.
किंवा सामुद्रधुनीवरून आलेला असेल,
त्याच्यामागंच खिडकी आहे,
आणि तिची फट
मी यंदाही बुजवलेली नाही.