कुठलं फुलपाखरू

परुळेकर सर गेल्यावर
त्यांच्या मुलानं दुर्बीण मला दिली,
चार इंची, भिंगाच्या कडेला बुरशी चढलेली,
आणि दोनशे पानी एक वही, रॉकेलच्या वासाची.

वहीत निवतीच्या सड्यावरचे एकोणीस उन्हाळे.
वारा, ढग, किती वाजता कुत्री भुंकली.
आणि मे महिन्यातल्या एका अवसेखाली
पेन्सिलीनं एवढंच:
"फुलपाखरू. शेवटी."

आता आकाशात फुलपाखरं दोन.
दोन्ही विंचवाच्या शेपटीशी,
हात लांब केला तर मध्ये चार बोटं.
एक नांगीच्या वर डावीकडे, ताऱ्यांचा पुंजका,
शाळेतली पोरं पहिल्याच रात्री ओळखतात.
दुसरं नांगीच्या उजवीकडे,
मरत आलेल्या ताऱ्यानं उधळलेला वायू,
या दुर्बिणीतून दिसलाच तर
काचेवर कुणी श्वास सोडावा तेवढा.

घनश्याम तारी जाळं शिवत होता, त्याला हे सांगितलं.
हसला नाही. म्हणाला,
"ह्या आमच्या कासवासारख्याच झाला."
कासव नावाचे खडक इथं दोन.
खालच्या वाडीचं ओहोटीला पाठ दाखवतं,
वरच्या वाडीचं कधीच नाही.
थोरल्या भावाला त्याच्या फोन आला होता:
कासवाकडसून वळ.
तो वळला.
माणसं पोहत आली.
होडी अजून तिथंच आहे, आणि कुठलं कासव
ते आता कुणाला विचारावं लागत नाही.

त्याची बायको टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली,
अलिबागचं गिऱ्हाईक जिताडा मागतं,
मी चोनक पुढं करते, तर नको म्हणतं.
"ह्योच मरे तो!"

सर असते तर आकडे सांगते:
पहिलं सहा, दुसरं त्रेसष्टशे दोन.
वर्गातही नावानं हाक मारत नसत.
आमच्यात सुषमा तिघी होत्या.
मी सतरा.
मग त्या एकाच रात्री
नंबर का नाही लिहिला?

परवा अवसेला सड्यावर गेले.
एलईडीवाल्या बोटींनी पश्चिम पांढरी करून टाकलेली,
दक्षिण तेवढी उरली होती.
दीपगृहाचा झोत आला की डोळा मिटायचा,
गेला की उघडायचा.
एक दहाला सहा दिसलं, लगेच.
त्रेसष्टशे दोनला पाऊण तास लागला,
डास, अवघडलेली मान,
आणि मग सरळ बघणं सोडून
डोळ्याच्या कडेनं बघितल्यावर
काहीतरी.

शेवटी म्हणजे
इतक्या वर्षांनी एकदाचं?
की रात्रीच्या शेवटी, दुर्बीण आवरता आवरता,
सोपं म्हणून?
मी ते अक्षर कंदिलाशी धरून बघितलं.
घाईचं नव्हतं. आनंदाचंही म्हणवेना.

खाली मी तारीख घातली, वारा घातला,
कुत्री नाहीत असं लिहिलं,
त्रेसष्टशे दोन लिहिलं, दोनदा गिरवलं.
आणि नावाच्या जागी, सवयीनं, सतरा.

उद्या कुणी वही उघडली
तर आकाशात सतरा शोधत बसेल.
तेही आहे, धनु राशीत.
कुणी त्याला हंस म्हणतं,
कुणी घोड्याचा नाल.