अरबी पाच

इथल्या गाड्यांच्या पाट्यांवर पाच म्हणजे नुसता एक गोल.
पहिल्या महिन्यात मला वाटायचं,
जुबैलमध्ये सगळ्यांच्या वाट्याला शून्यंच आलीत.
स्टोअरच्या रजिस्टरातही तेच.
पंचावन्न व्हॉल्व्ह मी शून्य-शून्य वाचले
आणि थंकच्चन फोरमननं सगळ्यांसमोर
दोनदा मोजायला लावले.

रात्रपाळी चारला सुटते.
मेसमध्ये त्या वेळी फक्त मोफिजुल असतो,
दोनशे माणसांची कणीक तिंबत.
टेबलाच्या कोपऱ्यावरचं तेल पुसून
मी महाराष्ट्राचा भूगोल उघडतो.
बाहेर समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना घुमत असतो
आणि मी घोकतो : पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा.
पुसेच्या काठावर माझं अख्खं लहानपण गेलं,
ती कुणाला जाऊन मिळते
हे मात्र इथं येऊन पाठ करावं लागलं.

मोफिजुलला मराठी येत नाही.
तरी उत्तरतालिका त्याच्याच हातात,
पीठ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.
मी म्हणतो, बेचाळीस, तीन.
तो बोटानं शोधतो, मग मान हलवतो.
बंगालीतला सात आपल्या एकासारखा दिसतो,
त्यामुळे सुरुवातीला माझी बरीच बरोबर उत्तरं
त्यानं मोठ्या दुःखानं चूक ठरवली.
चुकलं की पाव गुण कापतात, हे समजावलं तेव्हा म्हणाला,
फक्त पाव?
आमचा एजंट अर्धा घ्यायचा.

आबा तहसिलीत शिपाई होते.
साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल
दर शनिवारी धुवायला घरी आणायचे.
आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची,
वेगळ्या दोरीवर टाकायची.
त्याला मी कधी हात पुसला नाही.
एकदाच पुसला.
प्रशासनात का यायचंय, असं मुलाखतीत विचारलं
तर हे काही सांगता येणार नाही,
म्हणून दुसरं उत्तर तयार ठेवलंय,
त्यात 'तळागाळातला' हा शब्द दोनदा येतो.

शुक्रवारी सकाळी आठला मी पेपर सोडवायला बसतो,
तिकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात.
खोलीतले पाच जण दोन तास
कुजबुजत चहा पितात.
एकाचा घोरण्याचा आवाज येतो,
त्याला बाकीचे कुशीवर वळवतात.

एप्रिलची रजा मंजूर होती.
एक्झिट-रीएंट्री, परत न होणारं तिकीट,
केंद्र यवतमाळ.
मंगळवारी कुंदाताईनं फोटो पाठवला,
आयोगाचं प्रसिद्धिपत्रक, तीन ओळी.
परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे.
सुधारित दिनांक यथावकाश.

थंकच्चनकडे गेलो. म्हटलं, रजा सरकवता येईल?
तो म्हणाला, कब तक?
आणि मी यथावकाशला हिंदी शब्द शोधत
त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो.
एसीचं पाणी त्याच्या बादलीत ठिपकत होतं.
जूनमध्ये मला अडतीस पूर्ण होतात.
पुढच्या जाहिरातीत मी बसत नाही.
हे त्याला सांगितलं नाही.
त्यानं माझा अर्ज घडी करून
चष्म्याच्या डबीखाली ठेवला, म्हणाला, देखेंगे.
हे बहुधा तेच भाषांतर होतं.

आज पहाटे मेसमध्ये जाऊन नुसताच बसलो.
पुस्तक पिशवीतच.
मोफिजुलनं चहा ठेवला, हात पुसले,
फळीवरून तालिका काढली,
पिशवीवरूनच बोट फिरवत एका ओळीवर थांबला.
त्रेचाळीस, म्हणाला,
चक्क मराठीत.

मला प्रश्न आठवेना.
मी म्हणालो, पाच.
पर्याय चारच असतात, हे त्यालाही माहीत आहे.
तरी तो वाकून
शोधत राहिला.