आधार पाठ्यक्रम

खिडकीतले पटेरियाजी म्हणाले, 'आधार?'
मी पर्समधून कार्ड काढलं.
'वो वाला नहीं, मैडम. आधार पाठ्यक्रम.
हिंदी भाषा, प्रथम वर्ष. दो नंबर से रुका है.'

दोन नंबर.
बाकी सगळं निघालं. समाजशास्त्र, इतिहास,
गृहविज्ञानात तर एकसष्ट.
व्होकेशनलला जैविक शेती घेतली होती,
पाटनीपुऱ्यात दोन खोल्या, गच्ची घरमालकाची,
तरी गांडूळखताचे टप्पे मला झोपेतही सांगता येतात.
आणि अडलं कुठे, तर
लिंग पहचानिए.

आमच्याकडे विजय होतो, त्यांच्याकडे होती.
देह इकडे बाप्या, तिकडे बाई.
आवाज माझा मोठा, म्हणून लिहिलं मेरा आवाज,
तर लाल शाईनं त्या कान्याला वेढा घातलेला.
नपुंसकलिंगाला तर तिकडे जागाच नाही.
दुकान, पुस्तक, स्वप्न, मूल,
आमची ही सगळी 'ते' मंडळी
दारातच थांबवून विचारतात,
लड़का कि लड़की?

तपासणाऱ्याला काय ठाऊक,
एकेचाळीस वर्षं हिंदीतच भाजी घेतली मी,
हिंदीतच भांडले,
कळा येत होत्या तेव्हा एमवायच्या नर्सला
हिंदीतच हाका मारल्या.
तिनं लिंग तपासलं ते फक्त बाळाचं.

शीतलामाता बाजारात, माळ्यावर,
माझ्यासमोरच्या मशीनवर रुखसाना मन्सूरी.
फॉल तीही लावते, फॉर्म तिनंही भरलाय,
ती पर्यावरणात अडकली आहे.
मी तिला ओझोन समजावते, ती मला स्त्रीलिंग.
म्हणते, 'रटो मत. ज़ोर से बोल के देख,
कान बता देगा.'
माझे कान, बाई, रामबागेत वाढले.
ते सांगतात ते मराठीत.

सुई स्त्रीलिंग, धागा पुल्लिंग,
इथवर दोन्ही भाषांचं जमतं.
मग बॉबिन येते, आणि आम्ही दोघीही गप्प.

गंगवाल सेठ खालून ओरडले,
'इस उमर में डिग्री का क्या अचार डालोगी?'
डिग्री स्त्रीलिंग, मी मनात म्हटलं. अचार पुल्लिंग.
लोणचं मात्र ते.
डिग्री कशाला हवी, ते सांगितलं नाही त्यांना.
मलाच सकाळी एक कारण सापडतं
आणि रात्री दुसरं.

पूरक परीक्षा किला मैदानच्या कॉलेजात.
बेंचवर माझ्या शेजारी मृण्मयीच्या वयाची पोरगी,
तिनं मला 'आंटी' म्हणून खोडरबर मागितलं
आणि परत दिलं नाही.
शेवटचा प्रश्न: निबंध. मेरे नगर की नदी.

पाट्यांवर ती कान्ह, आमच्या तोंडात खान,
कृष्णपुऱ्याच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्याला
नुसता नाला.
मी लिहिलं, वह काली है. वह धीरे चलती है.
छत्रियों के नीचे वह रुकती है, किसी को नहीं पता क्यों.
वह सब का मैला लेती है
और उस की साफ़-सफ़ाई का बजट हर साल आता है.
नदी दोन्हीकडे बाईच,
कुठेही थांबून विचारावं लागलं नाही.
पुरवणी मागितली तर मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या,
'दस अंक का ही है.'
मी म्हटलं, 'मालूम है.'

घरी येताना आठवलं,
सुरुवातीचे पाच विरुद्धार्थी शब्द सोडवायचेच राहिले.

निकाल अजून नाही.
पटेरियाजी म्हणतात, सर्वर डाउन है.
रुखसाना पायडलवरून पाय न काढता विचारते,
'सर्वर?'
'पुल्लिंग,' मी म्हणते,
आणि दातानं धागा तोडते.