याला काय म्हणता

कंधारच्या बसस्थानकामागे अब्बांचा गाडा.
सहाला कोळसा धरायचा,
साडेसातला वास जगतुंग तळ्याच्या पायरीवर.
सळया सायकलच्या आऱ्यांच्या,
शमीम पंक्चरवाल्याकडून वजनावर आणलेल्या.
खऱ्या, जाड, पिळाच्या दोनच. त्या ईदेला.

एकदा नांदेडहून पोरगा आला, बोलीचा फॉर्म घेऊन.
काका, याला काय म्हणता तुमच्याकडं?
ओल्या मुठीनं खिमा दाबत अब्बा म्हणाले,
पोट म्हणतो बाबा.
त्यानं ते लिहून घेतलं.

नववीत भोसीकर बाईंनी फळ्यावर लिहिलं, शूल्य.
म्हणजे सुळावर भाजलेलं.
अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडं बघायला लागला.
बाईंना ते दिसलं नाही, किंवा दिसलं.
शूल, शूळ, सूळ, पोटशूळ,
खडू मोडेपर्यंत त्या लिहीत गेल्या.
मी वहीत खाली आपलं आपण जोडलं: सीख.
लाल शाईत परत आलं,
ही फारसी. हिचं घर वेगळं.

रात्री भांडी घासताना सांगितलं अब्बांना:
सीख फारसी, कबाब अरबी,
आणि हाफिजसाब म्हणतात
त्याच्याही मागं, फार मागं,
कबाब म्हणजे नुसतं जळणं.
मांस नंतर आलं.

नुस्ता जलना?
फिर जब्बार खाटीककू पैसे कायकू देतूं मैं?

मग बराच वेळ राख चाळत बसले.
म्हणाले, माझा बाप रोज ओरडायचा, सीख! सीख!
मी आपली सळई उचलून द्यायचो.
तीच बसायची पाठीत.
आठ-नऊ वर्षांचा झालो तेव्हा कळलं,
तो सळई मागतच नव्हता.

अब्बा हसले तेव्हा
डाव्या मनगटावरच्या जुन्या रेघा हलल्या,
पाच की सहा, सगळ्या आऱ्याएवढ्या जाड.

आता गाडा शमीमच्या पोराकडं आहे.
तो गॅसवर भाजतो. पाटीवर इंग्रजी नाव आहे
आणि वास स्थानकाच्या भिंतीपलीकडं जात नाही.

मी लोह्याला शिकवते, पाचवी ब.
गुणाकार अडलेलं पोर फळ्याशी उभं असतं,
मी म्हणते, शीक रे जरा,
आणि माझाच हात
चटकन मागं येतो,
ते काही तापलेलं पुढं करील म्हणून.