बारा नंबर

सत्तावीस वर्षं, अकरा वेळा विद्यापीठाची ढाल,
दोनदा पश्चिम विभाग...
निवेदक वाचतोय, आणि डगांवकर मॅडम
शालीची घडी मोडावी की नाही या विचारात बसल्यात.
नारळ दोन्ही हातांत धरलाय,
सर्व्हिसच्या आधी चेंडू धरायच्या तसा.

मी बारा नंबर.
तीन वर्षांत एकूण नऊ पॉइंट खेळले,
त्यातले चार आपले.
बाकी सगळा वेळ चुन्याचा.

पहाटे साडेपाचला मैदानावर पाणी मारायचं.
माळव्याची काळी माती, चैत्रात भेगा अशा
की घोटा अख्खा आत जाईल.
मग सुतळीच्या एका टोकाला मॅडम, दुसऱ्याला मी.
"नऊ मीटर म्हणजे नऊच.
पावणेनऊवर जिंकलीस तर ते सुतळीचं जिंकणं, तुझं नव्हे."
जाळीच्या गाठी स्वतः बांधायच्या,
शिपायाला हात लावू द्यायच्या नाहीत.
छावणीतला मोची चेंडू शिवून द्यायचा,
मग तो हट्टानं उजवीकडे जायचा.
त्याचा हट्ट धरूनच आम्ही पास शिकलो.
"पैर पहले! हाथ बाद में! अगं, पाय!"
अर्धी हिंदी, अर्धं रामबागेतलं मराठी,
शिट्टी तेवढी कुठल्याच भाषेतली नाही.

पोरी घरांतून काढून आणायच्या.
खजरान्यात रुखसानाच्या अब्बांसमोर
हाफपँटचा विषय न काढता तासभर चहा प्यायल्या,
उठताना म्हणाल्या, लांब पँट मी शिवून घेते, मापं द्या.
झाबुआकडून भूरी डामोर आली.
पहिला महिना बूट नकोत म्हणायची.
उडाली की कोपर जाळीच्या वर.

सागरची फायनल.
पाचवा सेट, बारा-बारा.
भूरीच्या उजव्या गुडघ्याला पट्टी, पट्टीखाली सूज,
खाली येताना तोंड फिरवायची
आम्हाला दिसू नये म्हणून.
मी रेषेबाहेर उभी, जॅकेट काढून.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.
मग मनगटावरच्या घड्याळाकडे,
ज्याचं या खेळात काहीच काम नसतं.
"बस खाली."

पंधरा-तेरा. शेवटचा फटका भूरीचा.
आम्ही ओरडत एकमेकींच्या अंगावर पडलो,
ती आधीच पडलेली होती.

मला घेतलं असतं तर हरलो असतो.
हे मला ठाऊक आहे, त्यांनाही होतं.
पंधरा वर्षं हा हिशेब मी काढते,
बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजताना,
सकाळी पोह्यांवर झाकण ठेवताना,
आणि दर वेळी तिथंच अडते,
की ढाल मलाही हवी होती.

आता त्या माइकपाशी.
भाषण त्यांना कधीच आलं नाही.
आभार, प्राचार्य, पुन्हा आभार.
मग थांबल्या.
"भूरी आली आहे का?"
मागच्या रांगेतून एक हात वर.
आलीराजपूरच्या शाळेत पीटी शिकवते ती,
खुर्चीवर बसून.
"त्या दिवशी तुला बाहेर काढायला हवं होतं मी."
टाळ्या वाजवायच्या का, कुणाला कळेना.
"मैं निकलती ही नहीं, मैडम,"
भूरी म्हणाली, जरा रागातच.
एवढंच.
निवेदकानं पुढचं नाव पुकारलं.

ऊन उतरल्यावर मैदानावर गेलो.
भूरी पायरीवर, एक पाय लांब करून.
मॅडमनी शाल तिच्या मांडीवर टाकली
आणि जाळी सोडायला लागल्या.
एक गाठ सुटेना. दातांनी ओढली.
मागं न बघता म्हणाल्या,
"बारा, ते टोक धर."
धरलं.