अस्पष्ट

त्या देशाचं नाव सांगायची परवानगी नाही.
सही केलीय मी, अकरा पानांवर.
एवढंच सांगते, की श्रीमंत आहे.
तिथे चौकशीच्या खोलीत माणसापुढे पाण्याचा ग्लास ठेवतात.
ठेवल्याचा आवाज येतो मला इथे, मिहानमध्ये,
रात्री दीड वाजता, हेडफोनमधून.
उचलल्याचा येत नाही.

बाई नम्र आहे. तिचा आवाज कधी चढत नाही.
घर जाळलं ते मंगळवारी की बुधवारी?
मागच्या वेळी तुम्ही बुधवार म्हणाला होतात.
शेजारच्या जिल्ह्यात का नाही गेलात राहायला?
माणूस बोलतो तेव्हा माझी बोटं थांबलेली असतात.
त्याची भाषा मला टाइप करायची नसते,
दुभाष्याची तेवढी.

मिनिटाला साडेचार रुपये.
रडणं लिहायचं नाही, नियम सात.
शब्द कळला नाही तर चौकटी कंसात : अस्पष्ट.
पाच सेकंदांवरची शांतता कापायची.
शांततेचे पैसे ते देत नाहीत.

चारला गेटबाहेर हिरानंदकाकाची टपरी उघडते.
"काय लिहून राह्यली वं रातभर?"
त्याची वऱ्हाडी आता माझ्याहून पक्की.
घोटकीहून आला त्याला तेरा वर्षं झाली,
यात्रेच्या व्हिसावर, बायको, दोन पोरी
आणि पायंडल नसलेली शिलाई मशीन घेऊन.
जरीपटक्यात खोली आहे. दरसाल मुदत वाढवायला
प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घालून कमिशनर ऑफिसात जातो,
दरसाल नवा बाबू पहिल्या पानापासून वाचतो
आणि विचारतो, "अन् वापस काहून नाही गेले?"
मी म्हटलं, काका, आपल्याकडे पैसा नाही, माणसं जास्त,
त्यांच्याकडे तर सगळं आहे, तरी.
तो गाळणी आपटत हसला.
"खुर्ची तीच राह्यते पोरी. तिथं गादी असंन."

परवा आली तेहेतीसशे सतरा नंबरची फाइल.
बाईने विचारलं, गावाजवळच्या नदीचं नाव सांगा.
अठ्ठेचाळीस सेकंद.
मोजले मी. खुर्ची एकदा करकरली. एसी चालू होता.
मग दुभाषा म्हणाला :
ते विचारताहेत, कोणतं नाव?
आम्ही म्हणतो ते, की नकाशातलं?
बाई म्हणाली, ठीक आहे. पुढचा प्रश्न.

माझ्या घरामागून नाग नदी जाते.
जन्मात कधी आम्ही तिला नदी म्हटलं नाही.
आई म्हणते, नाल्याकडचं दार लाव.
पत्ता सांगायचा तर, नाल्याच्या पुलावरून डावीकडे.
मला त्या खोलीत बसवलं असतं
तर मी नाला म्हणाले असते, आणि परत पाठवली गेले असते.
काकाला विचारलं, तुझ्या गावाला नदी होती?
तो म्हणाला, दर्याह.
म्हणजे कोणती?
"दर्याह म्हंजे दर्याह वं. आईले कोणी नावानं हाक मारते का?"

मी ते सेकंद कापले नाहीत.
लिहिलं : [शांतता, ४८].
सकाळी फाइल लाल होऊन परत आली, दुसरी ताकीद म्हणून.
मग कापले. घरभाडं आहे.

गाडी पुलावर आली तशी ड्रायव्हरने वासामुळे काच वर केली.
मी म्हटलं, नाग नदी.
"काय म्हन्लं मॅडम?"
काही नाही.
डावीकडे घ्या.